एकाच गाठीला इतके स्कॅन कशाला?

प्रश्न : माझी मोठी बहीण ४१ वर्षांची आहे. तिच्या मानेच्या उजव्या बाजूला, जबड्याच्या कोनाखाली, तीन वर्षांपासून गाठ आहे. दुखत नाही. आधी सगळे ‘लिम्फ नोड असेल’ म्हणाले, मग सुईने तपासायचं ठरलं. पण त्याआधीच्या सोनोग्राफीत ‘कॅरोटिड बॉडी ट्यूमरची शक्यता, ३.४ × २.८ × २.६ सेंमी, रक्तपुरवठा भरपूर’ असं आलं आणि सर्जननी सुईची तपासणी थांबवली. आता सीटी अँजिओग्राफी, एमआरआय, रक्ताची एक खास तपासणी आणि पेट-सीटी असं सगळं लिहून दिलंय. गाठ काढायचीच आहे, तर इतके स्कॅन कशाला? एकात भागणार नाही का? ऑपरेशननंतरही स्कॅन करावे लागतील म्हणतात, ते कधी आणि किती वर्षं? आणखी एक, आमच्या वडिलांच्या मानेवरही अशीच गाठ होती. ती त्यांनी कधी कुणाला दाखवली नाही. ७१व्या वर्षी ते हृदयविकाराने गेले. याचा काही संबंध असेल का? मी स्वतः ३८ वर्षांचा आहे.

उत्तर : वडिलांच्या गाठीचं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण आमच्या दृष्टीने अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. बहिणीच्या सर्जनना ते सांगितलंय का? नसेल तर आजच सांगा. कोणते स्कॅन करायचे, शरीराच्या किती भागाचे आणि किती वर्षं, हे तिन्ही त्यावरून बदलतं. त्याकडे येतोच.

सुई थांबवली हे उत्तम झालं. मानेतली मोठी धमनी, कॅरोटिड, साधारण स्वरयंत्राच्या वरच्या कडेच्या पातळीला दुभंगते. एक फाटा मेंदूकडे जातो, दुसरा चेहऱ्याकडे. या दुफाट्याच्या मागच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा एक अवयव असतो. रक्तातला प्राणवायू कमी झाला की मेंदूला कळवायचं, हे त्याचं काम. तिथे वाढलेली गाठ म्हणजे कॅरोटिड बॉडी ट्यूमर, पॅरागँग्लिओमा या कुळातली. ती जवळजवळ रक्तवाहिन्यांचीच बनलेली असते. तिच्यात सुई घातली तर रक्तस्राव होऊ शकतो, आजूबाजूला रक्त साकळून गाठ धमनीला चिकटते आणि पुढचं ऑपरेशन अवघड होतं. गाठ हॉर्मोन सोडणारी असेल तर सुईने रक्तदाब एकदम भडकण्याचाही धोका असतो. एवढं करून निदानात फारशी भर पडत नाही, कारण चांगल्या स्कॅनवर ही गाठ बहुतेक वेळा ओळखू येते. तुकडा काढून तपासणं तर टाळायलाच हवं.

म्हणजे गाठीचं नाव सोनोग्राफीने जवळपास सांगितलंच आहे. डॉप्लर (सोनोग्राफीत रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोय) लावल्यावर दुफाट्याच्या बेचक्यात रक्ताने सळसळणारी गाठ दिसली, दोन्ही फाटे एकमेकांपासून दूर ढकललेले दिसले, की शंका घ्यायला फारशी जागा उरत नाही. पुढचे स्कॅन नाव ठरवण्यासाठी नाहीत. ते सर्जनसाठी नकाशे आहेत आणि प्रत्येक नकाशा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देतो. ‘हा स्कॅन कोणत्या प्रश्नासाठी?’ असं डॉक्टरांना जरूर विचारा. उत्तर देता येत नसेल तर तो स्कॅन तूर्त बाजूला ठेवायला हरकत नाही. या गाठी वर्षाला साधारण एक-दोन मिलिमीटर वाढतात. विचारपूस करण्यात दोन-चार आठवडे गेले म्हणून काही बिघडत नाही.

सीटी अँजिओग्राफीचा प्रश्न असा की गाठीने धमनीला किती कवेत घेतलंय, आणि गाठीचं वरचं टोक कवटीच्या तळापासून किती लांब आहे? १९७१ पासून सर्जन या गाठींचे शँब्लिन या नावाने तीन गट करतात. पहिल्या गटात गाठ धमनीला फक्त टेकलेली असते आणि सहज सुटते. दुसऱ्यात ती अर्धवट वेढते. तिसऱ्यात धमनी गाठीतून आरपार गेलेली असते आणि कधी कधी धमनीचा तुकडा कापून तिथे पायातली शीर जोडावी लागते. खरा गट ऑपरेशनच्या टेबलावरच कळतो, पण अंदाज स्कॅनच्या आडव्या कापावरून घेता येतो. मेंदूकडे जाणाऱ्या फाट्याचा जास्तीत जास्त किती अंश घेर गाठीला लागून आहे ते मोजायचं. १८० अंशांपर्यंत असेल तर पहिला गट, १८० ते २७० मध्ये दुसरा, २७० आणि त्यापुढे तिसरा. पुष्कळ रिपोर्टांत गाठीची लांबी-रुंदी-जाडी असते आणि नेमका हा कोन लिहिलेला नसतो. बहिणीच्या रिपोर्टात नसेल तर रेडिओलॉजिस्टकडून लिहून घ्या. जोडीला आणखी दोन गोष्टी मागा : वरचं टोक ते कवटीचा तळ हे अंतर सेंटिमीटरमध्ये, आणि मेंदूच्या तळाशी असलेलं धमन्यांचं कडं (विलिसचं वर्तुळ) पूर्ण आहे की तुटक. ऑपरेशनमध्ये धमनी काही मिनिटं चिमट्याने बंद करावी लागली तर मेंदूच्या त्या बाजूला रक्त याच कड्यातून पोचतं. गाठ कवटीच्या जितकी जवळ, तितका रक्तस्राव आणि नसांना इजा होण्याचा संभव जास्त. कधी कधी लहान गाठसुद्धा केवळ उंचावर असल्यामुळे मोठीपेक्षा जास्त त्रास देते.

हा स्कॅन बिघडतो तो बहुधा साध्या कारणांनी. तो छातीतल्या महाधमनीच्या कमानीपासून कवटीच्या आतपर्यंत हवा, कापाची जाडी एक मिलिमीटर किंवा कमी. नुसता ‘मानेचा सीटी’ लिहून दिला तर कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उजळवणारं, शिरेतून द्यायचं औषध) दिल्यावर मिनिटभराने फोटो निघतात. तोपर्यंत धमन्या आणि शिरा दोन्ही उजळलेल्या असतात आणि गाठीची कड कुठे संपते ते कळत नाही. म्हणून चिठ्ठीवर ‘अँजिओग्राफी’ हा शब्द असलाच पाहिजे. कॉन्ट्रास्ट सेकंदाला चार-पाच मिलिलिटर या वेगाने जातं, त्यासाठी कोपराजवळ १८ किंवा २० नंबरची सुई लागते, आणि ती शक्यतो उजव्या हातात. डाव्या हातातून दिलेलं घट्ट कॉन्ट्रास्ट कमानीच्या समोरून आडवं जातं आणि धमन्यांच्या मुळाशी पांढऱ्या रेघोट्या ओढून ठेवतं. गळ्यातलं, कानातलं, काढता येणारे दात आधीच काढून ठेवायचे. फोटो चालू असताना आवंढा गिळायचा नाही. क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) अलीकडचा रिपोर्ट सोबत न्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल किंवा पूर्वी कधी कॉन्ट्रास्टने अंगावर गांधी उठल्या असतील तर ते टेबलावर झोपण्याआधी सांगायचं.

एमआरआयचा प्रश्न वेगळा : ही खरंच कॅरोटिड बॉडीची गाठ आहे, की शेजारची दुसरीच काही? आणि आणखी कुठे गाठ आहे का? टी-१ फोटोंत (टी-१, टी-२ हे एमआरआयच्या फोटोंचे प्रकार) या गाठीत काळे-पांढरे ठिपके दिसतात. रेडिओलॉजिस्ट त्याला मीठ-मिरपूड म्हणतात. काळे ठिपके म्हणजे वेगाने रक्त वाहणाऱ्या वाहिन्या, पांढरे म्हणजे संथ रक्त किंवा बारीकसा जुना रक्तस्राव. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान गाठीत हे ठिपके बऱ्याचदा दिसतच नाहीत, तेव्हा ते नसले म्हणून निदान खोटं ठरत नाही. उलट थायरॉइडच्या किंवा मूत्रपिंडाच्या कर्करोगाची मानेत आलेली गाठही कधी अशीच दिसते, म्हणून एकट्या ठिपक्यांवर विसंबता येत नाही. धमन्या कुठे सरकल्यात ही खूण जास्त भरवशाची. दोन फाटे एकमेकांपासून फाकलेले असतील तर गाठ कॅरोटिड बॉडीची. दोन्ही एकत्र पुढे ढकललेले असतील तर ती बहुधा मागच्या व्हेगस नसेतून किंवा तिच्या शेजारच्या नसेतून आलेली असते. मग ती व्हेगसचा पॅरागँग्लिओमा असो की नसेच्या आवरणाची गाठ, म्हणजे श्वानोमा. हा फरक पुस्तकी नाही. व्हेगसची गाठ काढताना ती नस जवळजवळ नेहमीच जाते आणि आवाज बसतो. त्यामुळे काढायची की नुसती नजरेखाली ठेवायची, हा निर्णयच बदलतो.

एमआरआयच्या चिठ्ठीवर ‘मान’ एवढंच असू नये. कवटीच्या तळापासून छातीच्या वरच्या भागापर्यंत, दोन्ही बाजू, तीन मिलिमीटरचे काप, चरबी दाबून घेतलेले टी-२ फोटो, गॅडोलिनियम (एमआरआयचं कॉन्ट्रास्ट) देऊन पुन्हा टी-१ आणि धमन्यांची मालिका, असं सगळं हवं. दुसऱ्या बाजूवर आम्ही एवढा भर देतो तो वडिलांच्या गाठीमुळे. घराण्यात चालत आलेल्या आजारात दोन्ही बाजूंना गाठी असण्याचं प्रमाण एकट्यादुकट्या रुग्णापेक्षा कितीतरी जास्त असतं. डावीकडे आठ मिलिमीटरची गाठ आज कुणाच्या हाताला लागणार नाही. पण उजवीकडच्या ऑपरेशनमध्ये एका बाजूची व्हेगस किंवा जिभेची नस दुखावली आणि पाच वर्षांनी डावीकडेही तेच झालं, तर श्वास आणि गिळणं दोन्ही अडचणीत येतात. दोन्हीकडचे रक्तदाब सांभाळणारे तंतू गेले तर दाब तासातासाला वरखाली होत राहतो. म्हणून कोणती बाजू आधी, किंवा मुळात कोणती काढायचीच नाही, हे दोन्ही बाजू समोर मांडूनच ठरतं.

एमआरआयला पाऊण तास लागू शकतो. अंगात पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर यंत्र, मेंदूतली जुनी क्लिप असेल तर आधी कळवा. बंद जागेची भीती वाटत असेल तर तेही. घाबरून हललेल्या माणसाचा धूसर एमआरआय अर्धवटच उपयोगाचा.

रक्ताच्या खास तपासणीत मेटानेफ्रिन नावाची द्रव्यं मोजतात. मानेतल्या फार थोड्या गाठी हॉर्मोन सोडतात, पण सोडणारी गाठ भूल देण्याआधी कळायलाच हवी. हे द्रव्य वाढलेलं असेल तर पोटातल्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथींजवळही गाठ असू शकते. रक्त देण्यापूर्वी वीस-तीस मिनिटं आडवं पडायचं असतं. बसून दिलेल्या रक्तात आकडा उगाचच चढतो आणि मग घरभर घबराट. नैराश्यावरच्या काही गोळ्या आणि पॅरासिटामॉलही काही पद्धतींत गोंधळ करतात. कोणती औषधं चालू आहेत ते लिहून द्या.

आता पेट-सीटी, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून अंगभर गाठी शोधणारा स्कॅन, ज्याचा तुम्हाला बहुधा सगळ्यात जास्त राग आलाय. एकच गाठ, घराण्यात कुणाला नाही, मेटानेफ्रिन ठीक, अशा रुग्णाला आम्ही तो सरसकट लिहून देणार नाही. तुमच्या बहिणीच्या बाबतीत मात्र तो योग्य वाटतो, तोही बरोबर जातीचा. कर्करोगासाठी नेहमी करतात तो साखरेचा, म्हणजे एफडीजी पेट, इथे पहिली निवड नाही. गॅलियम-६८ डोटाटेट किंवा त्याच कुळातलं डोटाटॉक, डोटानॉक वापरून केलेला पेट या गाठी सर्वांत नेमक्या पकडतो, अगदी काही मिलिमीटरच्यासुद्धा. चिठ्ठीवर यांपैकी काय लिहिलंय ते बघा. नुसतं ‘पेट-सीटी’ असेल तर विचारून घ्या. गॅलियम-६८ चं अर्धायुष्य ६८ मिनिटांचं, त्यामुळे इंजेक्शननंतर साधारण तासाभराने फोटो काढतात आणि दिवसाअखेर अंगात फारसं काही उरत नाही. या पेटला उपाशी राहावं लागत नाही. भरपूर पाणी प्यायचं. प्लीहा, मूत्रपिंडं, अधिवृक्क, पिट्युटरी हे सगळे अवयव यात स्वभावतःच उजळतात. मानेत वरच्या बाजूला असलेल्या सिंपथेटिक गँग्लिऑनही (नसपेशींचे नेहमीचेच पुंजके) फिकट चमकतात, आणि त्यांना ‘दुसरी गाठ’ म्हणण्याची चूक होते. ‘डाव्या बाजूला सौम्य अपटेक’, म्हणजे तिथे थोडं द्रव्य शोषलं गेलं, असं काही आलं तर तो एमआरआयशेजारी ठेवून बघायला सांगा. एमआरआयमध्ये तिथे गाठच नसेल तर घाबरू नका.

ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी जांघेतून नळी घालून डीएसए (धमन्यांत थेट कॉन्ट्रास्ट सोडून घेतलेले फोटो) करायचं आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या धमन्या बुजवायच्या, असाही प्रस्ताव येऊ शकतो. मुख्य पुरवठा बहुधा घशाकडे जाणाऱ्या एका बारीक धमनीतून असतो. बुजवल्याने रक्तस्राव कमी होऊ शकतो. पण बुजवायला सोडलेली कणी आडवाटेने मेंदूत किंवा डोळ्यात गेली तर पक्षाघात किंवा अंधत्व, हा धोका लहान असला तरी खराच आहे. साडेतीन सेंटिमीटरच्या गाठीत यावर सर्जनांचं एकमत नाही. कोन १८० च्या आत असेल तर आम्ही त्याशिवायच पुढे जाण्याच्या बाजूचे आहोत. २७० च्या पुढे आणि गाठ उंच असेल तर विचार करण्यासारखा आहे. निव्वळ फोटोंसाठी डीएसए करायचे दिवस मात्र गेले, ते काम सीटी अँजिओग्राफी करते.

ऑपरेशनआधी एक तपासणी कुठल्याच यंत्रात होत नाही आणि म्हणूनच राहून जाते : दुर्बिणीतून स्वरतंतू हलतात का ते बघणं. नंतर आवाज बसला तर तो ऑपरेशनमुळे की आधीच नस कमजोर होती, हे नाहीतर कधीच कळत नाही.

ऑपरेशननंतर पहिल्या दोन-तीन दिवसांत स्कॅन फक्त अडचण आली तरच. टाक्यांखाली सूज झपाट्याने वाढून श्वास अडायला लागला तर स्कॅनला न्यायचंच नाही, थेट ऑपरेशन थिएटरमध्ये. हातपाय लुळा पडला, बोलणं अडखळलं तर मात्र लगेच मेंदूचा सीटी आणि अँजिओग्राफी, आणि शक्य असेल तर डिफ्युजन (ताजा पक्षाघात दाखवणारा) एमआरआय. धमनी जोडलेली असेल तर ती वाहती आहे ना, हे डॉप्लरवर बघतात. आवाज बसणं, जीभ एका बाजूला वळणं यासाठी स्कॅन लागत नाही, नुसत्या तपासणीत समजतं. पहिला घास घेताना जबड्यात कळ येते आणि पुढच्या घासांना कमी होते, असंही काहींना होतं. ती सिंपथेटिक नसा दुखावल्याची खूण. स्कॅनमध्ये काही दिसणार नाही.

पहिला खरा स्कॅन तीन ते सहा महिन्यांनी, आणि तो एमआरआय. त्याआधी करायची घाई झाली की पस्तावायची वेळ येते. ताज्या जखमेतली नवी ऊतीसुद्धा कॉन्ट्रास्ट घेते, रिपोर्टात ‘गाठ शिल्लक असण्याची शक्यता’ असं येतं आणि घरच्यांची झोप उडते. तीन महिन्यांनंतरचा एमआरआय हा पायाभूत. पुढचे सगळे स्कॅन त्याच्याशी ताडून बघायचे असतात, म्हणून तो शक्यतो त्याच यंत्रावर, आधीच्याच मालिका घेऊन करावा. खरी शिल्लक गाठ कॉन्ट्रास्ट पटकन घेते, पटकन सोडते आणि टी-२ वर उजळ असते. व्रण सावकाश उजळतो, टी-२ वर काळसर असतो आणि वर्षभरात आकसतो. तरीही ठरत नसेल तर डोटाटेट पेटने सोक्षमोक्ष लागतो.

नंतरच्या रिपोर्टांत फसवणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. जिभेची नस दुखावली असेल तर त्या बाजूची अर्धी जीभ हळूहळू चरबीची होते आणि मागे लोंबते. नुसता सीटी बघणाऱ्याला ती जिभेच्या मुळाशी गाठ वाटते. खांद्याची नस गेली असेल तर ट्रॅपेझियस स्नायू सुकतो आणि त्याचं काम अंगावर घेणारा शेजारचा स्नायू फुगतो. रुग्ण ‘मानेत पुन्हा गोळा आला’ म्हणून धावत येतो. एक स्वरतंतू निकामी असेल तर साखरेच्या पेटमध्ये निरोगी स्वरतंतू चमकतो, कारण दोघांचं काम तो एकटा करतो. कापलेल्या नसेच्या टोकाला दुखरी गुठळी होते, तीही गाठीसारखी दिसते. धातूच्या क्लिपांभोवती एमआरआयमध्ये काळं वलय पडतं. आजकाल त्या बहुधा टायटॅनियमच्या असतात आणि एमआरआयला अडचण येत नाही, तरी डिस्चार्ज कार्डवर धातूचं नाव लिहून घ्या. एकूण काय, रेडिओलॉजिस्टला ऑपरेशनची नोट दाखवल्याशिवाय नंतरचा स्कॅन वाचून घेऊ नका. रिपोर्टचा कागद पुरत नाही. प्रत्येक स्कॅनची मूळ फोटोंची सीडी, डायकॉम स्वरूपातली, घरी जपून ठेवा. फिल्मवर छापलेल्या निवडक चौकोनांवरून कोन पुन्हा मोजता येत नाही.

किती वर्षं? पायाभूत एमआरआयनंतर एक वर्षाने एक, मग सुरुवातीची काही वर्षं दरवर्षी, पुढे दोन-तीन वर्षांनी. निदान दहा वर्षं तरी. जनुकात दोष सापडला तर जन्मभर, दोन-तीन वर्षांच्या अंतराने. या गाठी दहा-पंधरा वर्षांनीही उगवतात. हे सगळं एमआरआयवर करायचं ते याचसाठी की एवढ्या वर्षांत सीटीचा किरणोत्सर्ग साठत जाईल. ‘गाठ साधी होती की कॅन्सरची?’ हा प्रश्न पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवर सुटेल अशी अपेक्षा ठेवू नका. सूक्ष्मदर्शकाखाली यांच्यात भेद करता येत नाही. लिम्फ नोडमध्ये, हाडात, फुप्फुसात गाठ सापडली तरच ती पसरणारी म्हणतात.

आता वडिलांची गाठ. पॅरागँग्लिओमाच्या रुग्णांत आनुवंशिक दोष असण्याचं प्रमाण मोठं, साधारण तिघांत एक आणि त्याहूनही जास्त धरतात. घराण्यात दुसरी गाठ असेल तर शंका आणखी बळकट. बहुतेकदा दोष एसडीएच या गटातल्या जनुकांत असतो. आधी बहिणीचीच रक्तावरची जनुकीय तपासणी करा, तुमची नव्हे. तिच्यात नेमका दोष सापडला की तुमच्यात फक्त तो एक शोधायचा, काम सोपं होतं. तुम्हाला तो असण्याची शक्यता निम्मी. नसेल तर तुम्हाला एकही स्कॅन लागत नाही, कधीच.

दोष एसडीएचडी जनुकात निघाला तर एक विलक्षण गोष्ट लक्षात ठेवावी लागेल. तो वडिलांकडून आला तरच गाठी होतात. आईकडून आलेला दोष सहसा गप्प बसतो. म्हणजे गाठ तुमच्या बहिणीला असली तरी तिच्या मुलांना गाठ होण्याची भीती फार कमी, आणि तुम्हाला आज काहीही होत नसलं तरी दोष तुमच्यात असेल तर तुमच्या मुलांपैकी प्रत्येकाला धोका निम्मा. बहिणीच्या मुलाकडे गप्प बसलेला दोष असला तर तो त्याच्या मुलांत पुन्हा जागा होतो. याच गटातल्या एसडीएचबी जनुकात असा भेद नसतो, आणि तिथे गाठ पसरण्याचा धोका जास्त असल्याने तपासण्या लहान वयात, सहा ते दहा वर्षांच्या दरम्यान सुरू करतात. एसडीएचडीत दहा ते पंधराच्या दरम्यान. तेव्हा बहिणीच्या जनुकीय रिपोर्टची एक प्रत तुमच्या मुलांच्या फाइलमध्येही लावून ठेवा.